जास्वंदीवरचा पांढरा किडा मारण्यापूर्वी

होळीच्या सुमारास ऊन तापू लागले की जास्वंदीचे शेंडे आखडतात, पाने चुरगळतात आणि कळ्यांच्या देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागतात. हा पिठ्या ढेकूण. अंगावर मेणाचा थर असल्यामुळे बहुतेक फवारण्या त्याच्यावरून नुसत्या ओघळून जातात. मग आपण औषध बदलतो, मात्रा वाढवतो आणि त्यात त्याला खाणारे कीटक आधी मरतात. गच्चीवर भाजी आणि फुले लावणाऱ्या प्रत्येकाने या खाणाऱ्यांची ओळख करून घ्यावी, पाळण्याचा आणि सोडण्याचा विचार त्यानंतर करावा, असे माझे ठाम मत आहे.

मित्र कोण, शत्रू कोण

ढालकिडा सर्वांनी पाहिलेला असतो. नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेषा असलेला आपल्याकडे नेहमी दिसतो. चवळीच्या शेंड्यांवर काळा किंवा रस्त्याकडेच्या रुईवर पिवळा मावा पडला की तो हमखास सापडतो. त्याची अळी मात्र फार कमी लोक ओळखतात. ती काळपट, लांबट, नारिंगी डागांची, एखाद्या चिमुकल्या मगरीसारखी दिसते आणि वाढीच्या काळात शेकडो मावा किडे फस्त करते. ‘काहीतरी विषारी दिसते’ म्हणून लोक नेमकी तीच चिरडतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. वांग्याच्या किंवा कारल्याच्या पानांची जाळी करणारा, अठ्ठावीस ठिपक्यांचा, पाठीवर बारीक लव असलेला मळकट रंगाचा भुंगेरा ढालकिड्याच्याच कुळातला असला तरी शाकाहारी आहे. त्याची अळी पिवळी आणि काटेरी असते. त्याला वेचून काढलेच पाहिजे.

दुसरा मित्र क्रायसोपर्ला. त्याचा प्रौढ कीटक हिरवा, नाजूक, जाळीदार पंखांचा. त्याची अंडी पानावर केसाएवढ्या बारीक दांड्यांवर उभी असतात; एकदा पाहिली की विसरत नाहीत. अळ्या इतक्या खादाड, की जवळ ठेवल्या तर एकमेकींना खातात. म्हणून त्या सोडताना बागेत विखरून सोडतात.

भोपळ्यावर वाढणारा भुंगेरा

पिठ्या ढेकणासाठी मात्र क्रिप्टोलेमसला तोड नाही. हा चार मिलिमीटरचा गडद भुंगेरा, डोके आणि पाठीचे टोक नारिंगी. 1898 साली कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी तो ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. पुढे तो पिठ्या ढेकणाचा शत्रू म्हणून इथे रुजला. द्राक्षबागांसाठी हेक्टरी सुमारे दीड हजार भुंगेरे सोडण्याची शिफारस केली जाते. बंगळूरची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो ही संस्था असे मित्रकीटक जपते आणि वाढवते; आपल्याकडे कृषी विद्यापीठांच्या जैविक नियंत्रण प्रयोगशाळांत चौकशी करावी.

प्रयोगशाळेत तो वाढवतात लाल भोपळ्यावर. मोठी गच्ची असेल तर हीच रीत लहान प्रमाणात घरी जमते. खोल खाचांचा, देठासकट, कुठेही न खरचटलेला पिकलेला भोपळा घ्या, ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. बारीक ओरखडा असलाच तर तेवढ्यावर वितळलेले मेण लावा, नाहीतर तो तिथूनच सडतो. त्यावर पिठ्या ढेकूण लागलेल्या जास्वंदीच्या फांद्या ठेवा. फांद्या सुकल्या की पिल्ले भोपळ्यावर उतरतात आणि खाचांत घर करतात. पंधरा-वीस दिवसांत भोपळा पांढरा होतो. मग आठ-दहा भुंगेरे आणून त्यावर सोडा. ते ढेकणांच्या अंड्यांच्या पुंजक्यांतच आपली अंडी घालतात आणि साधारण महिन्याभरात नवी पिढी बाहेर पडते.

भोपळा खोक्यात ठेवून तोंडाला घट्ट विणीचे मलमल बांधा. खोके कुंड्यांपासून लांब हवे, कारण त्यात आपण किडीचीही शेती करत असतो. नवे भुंगेरे उजेडाच्या बाजूला कापडावर गोळा होतात. तिथून मऊ ब्रशने बाटलीत घ्यावेत. त्यांना मधाचा एक थेंब पुरतो. कुंड्या पाच-दहाच असतील तर हा खटाटोप करू नका, तयार भुंगेरे आणणेच बरे.

आधी मुंग्या हटवा

पिठ्या ढेकूण आणि मावा गोड चिकटा सोडतात. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना पळवून लावतात. मुंग्यांची रांग चालू असताना भुंगेरे सोडणे म्हणजे पैसे पाण्यात. जुन्या घरांत दुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तसेच कुंडी विटांवर उचलून त्या विटा पाण्याच्या परातीत ठेवा. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, डास होऊ देऊ नका. भिंतीला किंवा जाळीला टेकणाऱ्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्यांना पूल मिळतो. भोपळ्याच्या खोक्यालाही हेच लागू.

सोडताना

रासायनिक फवारणी झाली असेल तर काही आठवडे जाऊ द्या. निंबोळी तेल आणि साबणाचे पाणीही मऊ अळ्यांना बाधते, म्हणून भुंगेरे सोडल्यावर तेही बंद. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, झाडावर थोडे पाणी शिंपडून जिथे कीड दाट आहे तिथेच सोडा. कीड अगदी संपवून मग मित्रकीटक आणू नयेत. खायलाच नसेल तर ते उडून जातात.

ट्रायकोकार्डची चौकशी अनेक जण करतात. या कार्डांवर मिळणारी ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालते. ऊस, कापूस, टोमॅटोच्या शेतात तिचा उपयोग मोठा. चार कुंड्यांच्या बाल्कनीत मला तो दिसत नाही.

त्यांना राहायला काय हवे

क्रायसोपर्ला आणि सिरफिड माश्या प्रौढ वयात मध आणि परागावर जगतात. मावा खातात त्या सिरफिडच्या अळ्या. म्हणून कोथिंबीर, शेपू, बडीशेप, मोहरी यांची चार-चार रोपे न खुडता फुलू द्या. एका कोपऱ्यात चवळी लावा आणि तिच्यावर मावा पडला तर पडू द्या. ती मित्रकीटकांची खाणावळ आहे.

फुगलेले, तपकिरी, गोल भोक पडलेले पिठ्या ढेकूण दिसले तर त्यांनाही हात लावू नका. 2008 मध्ये कोइमतूरला पपईवरील पिठ्या ढेकूण आढळला, मग 2010 मध्ये पोर्तो रिकोहून तीन जातींच्या इवल्याशा परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या गेल्या. अशा माश्या ढेकणाच्या आतच वाढतात आणि भोक पाडून बाहेर येतात.

पांढऱ्या पुंजक्यांत ओळखायचे कसे

क्रिप्टोलेमसची अळीही पांढऱ्या मेणाच्या झालरींनी झाकलेली असते आणि थेट पिठ्या ढेकणासारखीच दिसते. पहिल्या वर्षी मी स्वतः स्पिरिटच्या बोळ्याने अशा कितीतरी अळ्या पुसून टाकल्या. भुंगेरे का वाढत नाहीत, हे कोडे मला त्यानंतर पुष्कळ दिवस पडले होते. खूण सोपी आहे. काडीने हलकेच डिवचा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. अळी लगबगीने चालू लागते, तिच्या झालरी लांब असतात आणि पूर्ण वाढल्यावर ती ढेकणाच्या दुपटीहून मोठी होते. जी चालू लागली, तिला तिथेच राहू द्या.