दीपस्तंभाचे दगड

नव्याण्णव पायऱ्या. गोल जिना जमिनीच्या पोटात उतरत जातो आणि त्याच्या मधोमध विहिरीसारखी उभी पोकळी आहे. पोकळीच्या भिंतीला जागोजागी खिडक्या ठेवल्यात, वरचा उजेड त्यांतून पायऱ्यांवर पडतो. ‘या पोकळीतून दोरांनी मृतदेह खाली सोडत आणि घरची माणसं पायऱ्यांनी उतरत,’ आमच्या गाईडनं सांगितलं. बोलताना ती खिडकीच्या कडेवरून हात फिरवत होती. कातळ तिथं गुळगुळीत झाला आहे.

कैरोहून अलेक्झांड्रियाची एका दिवसाची सहल घेतली की बहुधा सुरुवात इथून होते. पहाटे निघायचं, वाळवंटातल्या रस्त्यानं सव्वादोनशे किलोमीटर कापायचे आणि अडीच-तीन तासांनी मारिउत सरोवराचं पाणी दिसलं की शहर आलं असं समजायचं. आमच्या गाडीत सातजण होतो, त्यात नाशिकचे एक निवृत्त काका-काकू. काकांना दीपस्तंभ पाहायचा होता. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, शाळेच्या पुस्तकात चित्र होतं, असं ते वाटेत दोनदा म्हणाले. दीपस्तंभ आता उभा नाही हे गाईडनं त्यांना लगेच सांगितलं नाही. ‘काका, तो आपण सगळ्यात शेवटी पाहू,’ एवढंच म्हणाली. आमचं ऐकून ऐकून ‘काका’ हा शब्द तिनंही उचलला होता.

या भुयारी दफनभूमीचं नाव कोम अल-शुकाफा, म्हणजे खापऱ्यांची टेकडी. १९०० साली एका गाढवाचा पाय जमिनीतल्या भोकात गेला, ते खाली कोसळलं आणि या जागेचा पत्ता लागला, असं सांगतात. जिना संपला की गोल दालन, त्याच्या डावीकडे जेवणाची खोली. तीन बाजूंना कातळातच कोरलेले ओटे. आप्त इथं येत, ओट्यांवर गाद्या टाकून रेलत आणि आपल्या माणसाच्या आठवणीत जेवत. मृतांच्या घरात वापरलेली मातीची भांडी परत नेणं अशुभ, म्हणून ती तिथंच फोडायची. त्याच खापऱ्यांची टेकडी झाली. हे ऐकताच काकू पटकन म्हणाल्या, ‘अहो, आपल्याकडे मडकं फोडतात तसंच की!’ गाईडनं मडक्याची सगळी रीत त्यांच्याकडून नीट विचारून घेतली. खांद्यावर मडकं घेऊन फेरे घालायचे, प्रत्येक फेऱ्याला एक छिद्र पाडायचं, हे काकूंनी हातवारे करून दाखवलं. दोघींची ती पाच मिनिटं मला त्या दिवसातली फार मोलाची वाटतात.

मुख्य समाधीच्या दारात मात्र थांबून डोळे सरावू द्यावे लागतात. दाराच्या दोन्ही अंगांना दोन मोठे नाग कोरलेत. त्यांच्या डोक्यावर मिसरच्या फॅरोंचा दुहेरी मुकुट आहे, वेटोळ्यांशी ग्रीक देवांचे दंड आहेत आणि वर ढालीवर मेडुसाचं तोंड आहे. आत वळून पाहिलं तर कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस उभा. हा मृतांचा जुना मिसरी रखवालदार, पण अंगावर रोमन शिपायाचं चिलखत, हातात भाला. दुसऱ्या शतकातलं हे काम. ज्या कुटुंबानं ते करवून घेतलं, त्याला मरणाच्या दारी कुठलाच देव वगळायचा नव्हता. तीन संस्कृतींचा मिलाफ वगैरे शब्द आपण सहज वापरतो. इथं तो मिलाफ छिन्नीनं कोरलेला, हाताच्या अंतरावर दिसतो. तळचा तिसरा मजला वर्षानुवर्षं पाण्यात होता. भूजलाची पातळी खाली नेण्याचं मोठं काम २०१९ साली पूर्ण झालं, तेव्हा या कोरीवकामाला जरा दिलासा मिळाला.

इथून जवळच, दाटीवाटीच्या वस्तीत, पॉम्पीचा स्तंभ आहे. पॉम्पी या रोमन सेनापतीशी त्याचा काही संबंध नाही. तो सम्राट डायोक्लेशियनच्या सन्मानार्थ तिसऱ्या शतकाच्या अखेरीस उभारला. मधला दांडा अखंड, आस्वानच्या गुलाबी ग्रॅनाइटचा, वीस मीटरांहून उंच. आस्वान इथून नाईलच्या वरच्या अंगाला हजारेक किलोमीटर आहे. तो दगड नदीतून आणला कसा असेल, या विचारानंच मान वर जाते. स्तंभाभोवतीच्या मोकळ्या मैदानात सेरापिसचं देऊळ होतं. सेरापिस हा टॉलेमी राजांनी रुजवलेला देव, रूप ग्रीक आणि मूळ मिसरी. इ.स. ३९१ च्या सुमारास ख्रिस्ती जमावानं देऊळ पाडलं. खालच्या भुयारात भिंतीला कोनाडे आहेत, शहरातल्या जुन्या मोठ्या ग्रंथालयाच्या धाकट्या शाखेच्या गुंडाळ्या तिथं असत असं म्हणतात. कोनाडे आज रिकामे आहेत.

अलेक्झांडरनं इ.स.पू. ३३१ मध्ये या शहराची आखणी केली, पुढे निघून गेला आणि जिवंतपणी परतला नाही. त्याचा देह मात्र इथं आणून पुरला गेला. ती कबर आजवर सापडलेली नाही. शहराला इथले लोक इस्कंदरिया म्हणतात. आपल्या सिकंदराचंच ते नाव, म्हणून कानाला परकं वाटत नाही.

आणि संबंध नुसता नावाचा नाही. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पश्चिमेकडच्या पाच राजांची नावं आहेत, त्यांतला ‘तुरमय’ म्हणजे इथं राज्य करणारा दुसरा टॉलेमी. त्याच्याच कारकिर्दीत दीपस्तंभ पुरा झाला. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्यात सोपारा आणि कल्याण ही आपली बंदरं नावानिशी येतात. अलेक्झांड्रियाहून माल नाईलमार्गे वर जाई, मग उंटांवरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावर आणि तिथून मान्सूनच्या वाऱ्यावर थेट आपल्या किनाऱ्याकडे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. ती पाहिलेल्या माणसानं या बंदरावर उभं राहावं, म्हणजे मधला समुद्र केवढा नि कसा ओलांडला गेला ते मनात भरतं. पुढे १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, तेव्हा मुंबई आणि अलेक्झांड्रिया या दोन्ही बंदरांत एकाच वेळी पैशाचा पूर आला.

नव्या ग्रंथालयात, बिब्लिओथेका अलेक्झांड्रिनामध्ये, बहुतेक सहली अर्धा तास देतात. आम्ही हट्टानं दीड तास घेतला. जुनं ग्रंथालय इथंच जवळपास राजवाड्यांच्या भागात होतं. पृथ्वीचा परीघ सावलीच्या कोनावरून मोजणारा एराटोस्थेनीस त्याचा प्रमुख होता. ते ग्रंथालय एका रात्रीत जळालं ही समजूत आपल्याकडेही पक्की आहे. सीझरच्या वेळची, इ.स.पू. ४८ ची आग खरी, पण त्यानंतरही शहरात विद्या चालू होती. ग्रंथालय शतकानुशतकं क्षीण होत गेलं आणि मला ते आगीपेक्षा अधिक दुःखाचं वाटतं. १९७४ साली इथल्या विद्यापीठातून नव्या ग्रंथालयाची कल्पना पुढे आली आणि ऑक्टोबर २००२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. स्नोहेट्टा या नॉर्वेच्या संस्थेनं केलेली रचना म्हणजे समुद्राकडे कललेली १६० मीटर व्यासाची तबकडी, उगवत्या सूर्यासारखी. बाहेरच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर जगातल्या सुमारे १२० लिप्यांची अक्षरं आहेत. आत वाचनकक्ष शेतातल्या पायऱ्यांसारखा टप्प्याटप्प्यानं खाली उतरतो. छतातून उत्तरेचा मऊ उजेड येतो आणि इतकी माणसं असूनही पान उलटल्याचा आवाज ऐकू येतो. एक मुलगी शरीरशास्त्राच्या जाड पुस्तकावर डोकं टेकून झोपली होती, शेजारची मैत्रीण तिच्या वहीत टिपणं उतरवून देत होती.

जानेवारी २०११ च्या उठावात शहरभर जाळपोळ चालली असताना तरुण मुलांनी हातात हात गुंफून या इमारतीभोवती कडं केलं. एकही काच फुटू दिली नाही. गाईड हे सांगताना पहिल्यांदाच जरा थांबली, मग म्हणाली, ‘एकदा गेलेलं ग्रंथालय पुन्हा जाऊ देणार नव्हतो आम्ही.’

जेवण अनफुशीच्या बाजूला, मासळी बाजाराजवळ. बर्फावर मांडलेले मासे स्वतः निवडायचे, वजन करून घ्यायचं आणि कसे हवेत ते सांगायचं. मी बोरी घेतला. हा आपला बोईट. आपण रवा लावतो, इथं गव्हाच्या कोंड्यात घोळवून मासा थेट विस्तवावर टाकतात. बाहेरून काळाकुट्ट होतो, पण कोंड्याचं कवच सोललं की आतलं मांस पांढरंशुभ्र, रसरशीत. सोबत कांदा काळपट होईस्तो परतून त्यात शिजवलेला तपकिरी भात आणि तिळाची चटणी. शेजारच्या टेबलावरच्या कोळ्यांकडून गाईडनं आम्हाला ‘नव्वां’ची यादी ऐकवली. नव्वा म्हणजे इथली हिवाळी वादळं. प्रत्येकाला नाव आहे, ठरलेला काळ आहे. एक तर ‘मकनसा’, म्हणजे झाडूच. मृगाचा पाऊस, हत्तीचा पाऊस म्हणणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांशी या कोळ्यांची गट्टी लगेच जमेल.

सहलवाले यानंतर मुंताझाच्या राजवाड्याच्या बागा दाखवतात. बागा सुंदर आहेत, पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. माझं ऐकाल तर त्या सोडा. वेळ उरलाच तर कवी कवाफी राहायचा ते घर पाहा. हा थोर ग्रीक कवी तीसेक वर्षं इथल्या पाटबंधारे खात्यात नोकरी करत होता. आम्हाला ते जमलं नाही, त्याची खंत आहे.

चार वाजता कैतबेचा किल्ला. सुलतान कैतबेनं १४७७ ते ७९ या काळात तो बांधला, बरोबर दीपस्तंभाच्या जागी. शंभर मीटरांहून उंच असलेला दीपस्तंभ तळाशी चौकोनी, मध्ये अष्टकोनी आणि वर गोल होता. दीड हजारांहून अधिक वर्षं त्यानं खलाशांना वाट दाखवली. शेवटी भूकंपांनी तो ढासळला. १३२६ मध्ये प्रवासी इब्न बतुता आला तेव्हा त्याची एक बाजू पडलेली होती. वीसेक वर्षांनी तो पुन्हा आला, तर दारापर्यंत पोचणंही अशक्य झालं होतं. पडलेले दगड सुलतानानं किल्ल्याला वापरले. भिंतीत मध्येच तांबूस ग्रॅनाइटचे जाडजूड तुकडे येतात, आजूबाजूच्या पिवळसर चुनखडीत वेगळे उठून दिसतात. ते दीपस्तंभाचे मानतात.

गाईडनं काकांना त्यातल्या एका दगडाजवळ नेलं. ‘काका, हात लावा.’ काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, दोन्ही तळहात दगडावर टेकवले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

बाकीचा दीपस्तंभ पाण्यात आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला किल्ला वाचवण्यासाठी समुद्रात काँक्रीटचे ठोकळे टाकले जात होते आणि ते नेमके या अवशेषांवरच पडत होते. त्यावर ओरड झाली, १९९४ पासून फ्रेंच आणि मिसरी पाणबुड्यांनी तळाची नोंद सुरू केली. स्फिंक्स, खांब, पुतळे, हजारो तुकडे सापडले. २०२५ मध्ये दीपस्तंभाचे बावीस प्रचंड दगड वर काढण्यात आले. दाराच्या चौकटीचे त्यांतले काही दगड सत्तर-ऐंशी टनांचे आहेत. त्यांची मापं घेऊन संगणकावर दीपस्तंभ पुन्हा रचण्याचं काम चाललं आहे.

किल्ला बंद व्हायच्या वेळी बाहेर आलो. धक्क्याच्या काँक्रीटवर दहा-बारा पोरं गळ टाकून बसली होती. एकाचा गळ खाली अडकला. त्यानं दोर हळूहळू डावीउजवीकडे हलवला, सुटेना, तेव्हा मोठा पोरगा उठला आणि दोर हातात घेऊन म्हणाला, ‘हजर, हजर.’ दगड आहे, दगड. काका थांबून पाण्यात वाकून पाहत राहिले.