हललेलं चित्रण सावरताना

विसर्जनाची मिरवणूक चालता चालता मोबाइलवर टिपली आणि घरी मोठ्या पडद्यावर पाहिली, की चित्र किती हिंदकळतंय ते कळतं. एडिटिंगमध्ये यातलं बरंच सावरता येतं. डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही स्टॅबिलायझेशनची, म्हणजे हलतं चित्र स्थिर करण्याची सोय आहे. इथे तेच वापरू.

आधी हे काम कसं चालतं ते पाहू. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला 25 किंवा 30 स्थिरचित्रं. त्यातलं प्रत्येक म्हणजे एक फ्रेम. सॉफ्टवेअर खिडकीचा कोपरा, पाटीवरची अक्षरं असे ठळक बिंदू पुढच्या फ्रेममध्ये शोधतं, ते किती सरकले ते मोजतं आणि चित्र उलट दिशेला सरकवून नको असलेला हेलकावा काढतं. त्यामुळे कडेला काळी पट्टी उघडी पडते. ती झाकायला चित्र थोडं मोठं करावं लागतं आणि कडेचा भाग कापला जातो.

म्हणून पहिलं काम कात्रीचं. हवा तेवढाच तुकडा ठेवा. लांबलचक क्लिपमध्ये एकच जोराचा धक्का असला, तरी त्याच्यापायी सगळी क्लिप मोठी होते आणि सगळीकडच्या कडा जातात.

आता क्लिप निवडून इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे क्लिपच्या सेटिंग्जच्या पॅनेलमध्ये, स्टॅबिलायझेशन उघडा. तिथे तीन पद्धती दिसतील. ट्रान्सलेशन फक्त आडवी-उभी हालचाल सावरते. सिमिलॅरिटी त्याशिवाय कलणं आणि जवळ-लांब होणंही पाहते. पर्स्पेक्टिव्ह याहून पुढे जाऊन चित्राचा कोनही बदलते. मोबाइलच्या चित्रणाला मी आधी सिमिलॅरिटीच लावून पाहीन.

क्रॉपिंग रेशो म्हणजे किती कडा गमवायची तयारी आहे ते. 1 ठेवलं तर काहीच बदलत नाही. आकडा जितका कमी, तितकी दुरुस्ती जोरात. स्मूद वाढवलं की हालचाल अधिक संथ होते. आकडे बदलल्यावर स्टॅबिलाइझ बटण पुन्हा दाबायला विसरू नका. बरेच जण इथेच अडतात आणि काहीच फरक पडत नाही म्हणून वैतागतात.

सगळ्यात जास्त फसगत गर्दीत होते. ढोल-ताशा पथकाने चौकट भरून गेली असेल, तर सॉफ्टवेअर वादकांची हालचाल हीच कॅमेऱ्याची समजतं आणि मागच्या इमारती डोलायला लागतात. अशा वेळी ट्रान्सलेशन लावून पाहा, स्ट्रेंग्थ म्हणजे दुरुस्तीचा जोर कमी करा. थोडी हालचाल राहिली तर राहू द्या. चालत घेतलेलं चित्रण थोडं हलणारच, ते डोळ्यांना खटकत नाही. डोलणारी भिंत मात्र लगेच खटकते.

धक्क्याने फ्रेम पुसट झाली असेल, तर तो पुसटपणा जात नाही. उलट चित्र स्थिर झाल्यावर तो मध्येच धडधडल्यासारखा जास्त दिसतो. संध्याकाळच्या कमी उजेडातल्या चित्रणात हे हमखास होतं. एवढा भाग कापलेलाच बरा.

चित्रण 4के, म्हणजे 3840×2160 असेल आणि अंतिम व्हिडिओ 1920×1080 चा करायचा असेल, तर कडा कापूनही चित्र सुस्पष्ट राहतं.

राहिला पॅन, म्हणजे कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे फिरवणं. फिरवताना हात मध्येच अडखळला असेल, तर स्मूद वाढवून पाहा. तरीही अडखळ दिसली, तर तेवढ्या जागी वरच्या ट्रॅकवर दुसरं दृश्य ठेवा, गुलाल उधळणारे हात किंवा ताशावरच्या काड्या, आणि खालचा आवाज तसाच चालू ठेवा.