ऑफिस आहे, पण विकायचं काहीच नाही!

समजा, तुम्हाला पुण्यात नोकरीची ऑफर आली. कंपनी जर्मन. पोस्टचं नाव भारदस्त, 'कंट्री रिप्रेझेंटेटिव्ह'. ऑफिस छोटं पण चकाचक. आणि पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं गेलं, 'इथे काहीही विकायचं नाही. ऑर्डर घ्यायची नाही, बिल करायचं नाही, कस्टमरकडून एक रुपयाही घ्यायचा नाही.' तुम्ही काय म्हणाल? 'मग दिवसभर करायचं काय, चहा प्यायचा?'

माझ्या मैत्रिणीची ताई चार वर्षांपूर्वी अगदी हेच म्हणाली होती. ती मेकॅनिकल इंजिनीअर. कंपनी मशिन टूल्स बनवणारी. ऑफिसात ती, एक असिस्टंट आणि भिंतीवर भारताचा मोठ्ठा नकाशा. घरी आजीला सांगताना तिची पंचाईत व्हायची. 'अगं, विकत नाहीस तर पगार कशाचा देतात तुला?' या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी बसले आणि एक भलतंच इंटरेस्टिंग प्रकरण हाती लागलं.

हे लिएझॉन ऑफिस म्हणजे काय?

परदेशी कंपनीला भारतात यायचंय, पण इथलं मार्केट माहीत नाही. एकदम कंपनी काढायची म्हणजे मोठा खर्च, मोठी जोखीम. मग ती आधी एक 'संपर्क कार्यालय' उघडते. लग्नाआधी घर बघायला येतात ना, तसंच. बघायचं, बोलायचं, माहिती घ्यायची. व्यवहार नंतर.

आपल्याकडे याचे नियम 'फेमा' या परकीय चलनाच्या कायद्याखाली येतात आणि रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये त्याची नियमावली काढली. त्यानुसार लिएझॉन ऑफिसला चारच कामं करता येतात. मूळ कंपनीचं इथे प्रतिनिधित्व करायचं, आयात-निर्यातीला चालना द्यायची, तांत्रिक आणि आर्थिक सहकार्य जुळवून आणायचं आणि दोन्हीकडच्या कंपन्यांमधला दुवा व्हायचं. बास.

येणाऱ्या कंपनीचीही परीक्षा होते. तिच्या देशात मागची ३ वर्षं ती नफ्यात हवी आणि तिची नेटवर्थ किमान ५० हजार डॉलर हवी. अर्ज बँकेमार्फत जातो. परवानगी साधारण ३ वर्षांची मिळते, पुढे मुदतवाढ मागता येते. खरोखर धंदा करणारी शाखा हवी असेल, तर अट आणखी कडक होते. ५ वर्षांचा नफा आणि १ लाख डॉलर.

आता आजीच्या प्रश्नाचं उत्तर. ऑफिसचं भाडं, लाइटबिल, ताईचा पगार, अगदी चहापावडरसुद्धा, सगळा खर्च परदेशातून बँकेमार्फत आलेल्या पैशातूनच करायचा. इथे कमाई करायची नाही. दरवर्षी चार्टर्ड अकाउंटंटने सर्टिफिकेट द्यायचं, की या ऑफिसने परवानगीबाहेरचं काही केलेलं नाही.

रेष कुठे आहे?

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी गोम इथेच आहे. 'माहिती देणं' कुठे संपतं आणि 'विकणं' कुठे सुरू होतं?

याच प्रश्नावर एक केस थेट सुप्रीम कोर्टात गेली होती. यूएई एक्स्चेंज सेंटर ही आखाती देशातून भारतात पैसे पाठवायची सेवा देणारी कंपनी. रिझर्व्ह बँकेने तिला १९९६ मध्ये परवानगी दिली. तिथे राबणारा माणूस पैसे भरायचा. इथलं ऑफिस त्याची माहिती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, चेक किंवा ड्राफ्ट छापायचं आणि कुरिअरने त्याच्या घरच्यांना पाठवायचं. कमिशन घेतलं जायचं ते तिकडेच. आयकर खात्याचं म्हणणं होतं, हा तर धंदाच झाला, टॅक्स भरा. २००४ मधला निवाडा कंपनीच्या विरोधात गेला. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तो फिरवला. आणि २४ एप्रिल २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की हे काम फक्त पूरक स्वरूपाचं आहे, त्यामुळे इथे टॅक्स लागत नाही. एवढ्या एका प्रश्नाचा निकाल लागायला किती वर्षं गेली बघा!

उलटंही घडलंय. एका अमेरिकी कंपनीच्या लिएझॉन ऑफिसमधल्या लोकांना विक्रीच्या टार्गेटवर इन्सेंटिव्ह मिळत होता. २०१४ मध्ये अलाहाबाद हायकोर्टात निकाल कंपनीच्या विरोधात गेला. विकायचंच नसेल, तर विक्रीवर बक्षीस कशाला? साधा प्रश्न आहे, पण महागात पडला.

ताईची ती संध्याकाळ

गेल्या वर्षी मार्चमध्ये ताईवर ही वेळ आली. सांगलीचा एक कारखानदार मशिन घ्यायला तयार झाला होता. दोन वर्षं तिनेच त्याच्याकडे खेपा घातल्या होत्या. हेड ऑफिसहून मेल आला, 'वर्ष संपतंय, तूच सही करून ऑर्डर घेऊन टाक.'

'खोटं नाही सांगत, बोट सेंड बटणावर होतं,' ती मला म्हणाली. 'नाही म्हटलं तर साहेब चिडणार. हो म्हटलं तर सही माझी, नाव माझं.' शेवटी तिने लिहिलं, की मला हा अधिकार नाही, कस्टमरला ऑर्डर थेट तुमच्याकडे पाठवायला सांगते. पैसेही तो त्याच्या बँकेतून थेट तुम्हालाच पाठवेल. दोन दिवस उत्तर नाही. त्या दोन दिवसांत तिने सीव्ही अपडेट केला! तिसऱ्या दिवशी सीएने साहेबांना फोनवर समजावलं आणि मेल आला, 'ओके.' ऑर्डर गेली, मशिन आलं. ताईला त्यातलं कमिशन मिळालं नाही, मिळणारही नव्हतं.

आपण बाहेर गेलो तर?

हा रस्ता एकेरी नाही. आपल्याकडच्या कंपन्याही बाहेर अशी ऑफिसं काढतात आणि प्रत्येक देशाचा खाक्या वेगळा. सिंगापूरला कंपनी किमान ३ वर्षं जुनी हवी, उलाढाल अडीच लाख अमेरिकी डॉलरच्या वर हवी आणि ऑफिसात माणसं ५ पेक्षा कमी. जपानमध्ये तर अशा ऑफिसची नोंदणीच लागत नाही. मस्त ना? पण मग ऑफिसच्या नावाने बँक खातंही उघडता येत नाही आणि जागाही भाड्याने घेता येत नाही. करार प्रतिनिधीला स्वतःच्या नावावर करावा लागू शकतो. म्हणजे उद्या तिकडे पाठवलं, तर भाड्याच्या कागदावर कोणाचं नाव आहे ते नीट बघा.

ऑफर आली तर हे विचारा

ही नोकरी वाईट अजिबात नाही. बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी थेट परदेशी हेड ऑफिसशी बोलायला मिळतं, सगळा देश फिरायला मिळतो. फक्त सही करण्याआधी चार प्रश्न विचारायला लाजू नका. ऑफिसची परवानगी कधी संपते? पगारात विक्रीवरचा इन्सेंटिव्ह आहे का? असेल तर तिथेच थांबा. माझ्या सहीने नक्की काय होणार? आणि उद्या ऑफिस बंद झालं किंवा त्याची कंपनी झाली, तर माझं काय?

हा शेवटचा प्रश्न ताईने जॉइन होताना विचारला नव्हता. तिच्या ऑफिसच्या परवानगीची मुदत येत्या काही महिन्यांत संपतेय. मुदतवाढ घ्यायची, इथे कंपनी काढायची, की गाशा गुंडाळायचा, ते तिकडे ठरतंय. कंपनी निघाली, तर ती पहिल्यांदाच काहीतरी विकेल. नाही निघाली, तर भिंतीवरचा नकाशा घरी घेऊन येईल.

आजीने मात्र तिचं आधीच ठरवलंय. 'निघेल गं कंपनी,' ती म्हणते, 'चार वर्षं घर बघून गेलेत, आता नाही कसं म्हणतील?'