ब्रेडेड ब्रेक लाइन : गरज कुणाला, निवडायची कशी आणि बसवताना काय सांभाळायचं?

मागच्या उन्हाळ्यात महाबळेश्वरहून परत येताना पसरणी घाट उतरलो. गाडी बाबांची, दहा वर्षं जुनी हॅचबॅक. मागच्या सीटवर आई-बाबा, डिकी सामानाने भरलेली, आणि मी बहुतेक वेळ ब्रेकवर पाय ठेवूनच खाली आलो (ही चूक माझीच). वाई जवळ आली तसं पेडल मऊ लागायला लागलं. शेवटच्या वळणावर तर ते जवळजवळ तळाला गेलं. दोन-तीनदा पंप केल्यावर ब्रेक लागला. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी पुढची सीट घट्ट धरली होती हे आरशात दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेडल पुन्हा कडक! एका गॅरेजमध्ये दाखवलं, तर उत्तर आलं, "स्टेनलेसच्या ब्रेडेड लाइन टाका, ब्रेक डबल होतील." मी तेव्हा पैसे दिले नाहीत, घरी येऊन वाचत बसलो. त्यातून जे समजलं ते इथे मांडतोय. सॉफ्टवेअरमध्ये आपण म्हणतो ना, आधी नेमकं कुठे अडतंय ते मोजा, मग कोड बदला. ब्रेकच्या बाबतीतही अगदी तसंच आहे.

ब्रेक लाइन म्हणजे नेमकं काय?

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक फ्लुइडवर दाब देतो आणि तो दाब चारही चाकांपर्यंत पोचतो. बहुतेक अंतर धातूच्या कडक नळ्यांमधून कापलं जातं. पण चाक वर-खाली होतं, पुढची चाकं वळतातही. म्हणून शेवटच्या टप्प्यात लवचिक नळी लागते. हाच आपला ब्रेक होज. कंपनीतून येतो तो रबराचा असतो, आत धाग्यांचं विणकाम असलेला.

जोरात ब्रेक मारला की या नळीत ७० ते १०० बार दाब सहज येतो. तुमच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते, यावरून अंदाज घ्या. एवढ्या दाबाला रबर थोडं फुगतं. फुगण्यात जेवढं फ्लुइड खर्च होतं, तेवढं पेडल जास्त खाली जातं.

किती जास्त? एक सोपं गणित करू. मास्टर सिलिंडरचा व्यास २०.६ मिमी धरला तर त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे ३.३ चौरस सेंमी. समजा सगळे होज मिळून १ घन सेंमी फुगले. पिस्टन साधारण ३ मिमी जास्त सरकेल. पेडलचं गुणोत्तर ४:१ असेल तर पायाखाली फरक पडेल १२ मिमीचा. म्हणजे पायाला स्पष्ट जाणवेल इतका.

ब्रेडेड लाइनमध्ये आतली नळी पीटीएफईची असते, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच टेफ्लॉन. तिच्याभोवती स्टेनलेस तारांची घट्ट वीण आणि सर्वात वर प्लास्टिकचं आवरण. ती फारच कमी फुगते, त्यामुळे पेडल कडक आणि नेमकं लागतं.

मग गाडी लवकर थांबते का?

नाही. गाडी किती अंतरात थांबेल हे शेवटी टायरची पकड ठरवते. तुमचे आत्ताचे ब्रेक चाक लॉक करू शकत असतील किंवा एबीएस चालू होण्यापर्यंत पोचत असतील, तर लाइन बदलून ते अंतर कमी होणार नाही. मिळतं ते एवढंच, की पायाला ब्रेकचा अंदाज चांगला येतो. घाटात किंवा ट्रॅकवर हा फायदा खरा आहे, पण "डबल ब्रेक" वगैरे काही नसतं.

पेडल मऊ का झालं, ते आधी ओळखा

- घाट उतरल्यावर मऊ, गार झाल्यावर पुन्हा कडक : फ्लुइड उकळलं. गॅरेजमध्ये ज्याला सगळे "ब्रेक ऑइल" म्हणतात ते ऑइल नसून हवेतलं पाणी शोषणारं रसायन आहे. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. फ्लुइड उकळलं की वाफ होते आणि वाफ दाबली जाते. इथे ब्रेडेड लाइन काहीही करू शकत नाही.
- कायमच स्पंजसारखं : बहुतेक वेळा लाइनमध्ये हवा शिरलेली असते.
- पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं : गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरची सील गेली आहेत. गाडी चालवू नका.
- ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते किंवा पाय काढल्यावरही एक चाक धरून ठेवतं : इतर कारणांबरोबर होजवरही संशय घ्या. जुन्या रबरी होजचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं वागतं. बाहेरून नळी ठीकठाक दिसते.

आमच्या गाडीचा आजार पहिला होता. फ्लुइड चार वर्षं बदललंच नव्हतं. नवीन डॉट ४ भरल्यावर आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरायची सवय लावल्यावर मूळ प्रश्न सुटला. पण चाकं काढल्यावर पुढच्या डाव्या होजवर भेगा दिसल्या. होज बदलायचेच होते, म्हणून मग ब्रेडेड घेतले. माझ्या मते हीच योग्य वेळ आहे. होज जुने झालेत, बदलायचेच आहेत, तर पर्याय म्हणून ब्रेडेडचा विचार करा. बजेट कमी असेल तर कंपनीचे नवे रबरी होजसुद्धा उत्तम काम करतात.

निवडताना

१. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला सेट घ्या. मॉडेल, वर्ष, मागे ड्रम की डिस्क, एबीएस आहे की नाही, सगळं जुळायला हवं. आधी गाडीखाली वाकून होज किती आहेत ते मोजा.

२. टोकं कारखान्यात मशीनने दाबून बसवलेली हवीत. घरी स्क्रूने जोडायची टोकं रस्त्यावरच्या गाडीला नकोत.

३. प्रमाणपत्र बघा. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ या नियमाखाली होजला ४००० पीएसआय दाब दोन मिनिटं सहन करावा लागतो आणि सलग ३५ तास वाकवत-फिरवत ठेवलं तरी तो फुटता कामा नये. अशा नळीवर "डॉट"सोबत उत्पादकाची खूण आणि तारीखही असते. नुसतंच "डॉट" छापलेलं आणि बाकी काही नाही, तर सोडून द्या.

४. वरचं आवरण हवंच. उघड्या विणीत वाळू शिरते आणि आतली नळी घासली जाते. शिवाय उघडी तार ज्याला टेकेल त्याला करवतीसारखी कापते, मग तो रंग असो की शेजारची वायर. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर टोकंही स्टेनलेसचीच घ्या, खाऱ्या हवेत मुलामा टिकत नाही.

५. आटे तपासा. बऱ्याच गाड्यांत एम१० × १.० आटे असतात, अमेरिकन पार्टमध्ये ३/८-२४. दोन्ही इतके जवळचे आहेत की चुकीचा नट थोडा आत जातोसुद्धा. तो दाब सहन करेलच असं नाही. नट हाताने सहज फिरत नसेल तर थांबा, पाना लावून जबरदस्ती करू नका.

बसवताना

हे काम आधी कधी केलं नसेल तर अनुभवी मेकॅनिककडून करून घ्या. मीही तेच केलं, फक्त शेजारी उभा राहिलो. काय बघायचं ते माहीत असलं की झालं.

- गाडी जॅक स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नाही.
- नट सोडवायला फ्लेअर नटचा पाना वापरा. साध्या पान्याने मऊ नटाचे कोपरे झिजतात. गंजलेल्या नटावर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारा.
- एका वेळी एकच होज बदला. फ्लुइडची टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला अनेक गाड्यांत स्कॅनर लागतो.
- कॅलिपर होजला लटकवू नका, तारेने बांधा.
- बँजो बोल्टला दोन्ही बाजूंनी नवीन तांब्याचे वायसर. जुने पुन्हा वापरले की गळती ठरलेली. बोल्ट किती घट्ट करायचा तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क पाना वापरा.
- नळीला पीळ पडू देऊ नका, मूळ क्लिप आणि ब्रॅकेट परत लावा. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, चाक लटकलेलं असताना आणि वर उचललेलं असतानाही बघा. नळी कुठे ताणतेय, घासतेय का?
- फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. झाकणावर जे डॉट लिहिलंय तेच भरा. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळायचं नाही.

शेवटी हवा काढायची. एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा निपल उघडतो आणि बंद करतो, मगच पेडल सोडायचं. कुठलं चाक आधी, हे गाडीगणिक बदलतं, मॅन्युअल बघा.

गाडी बाहेर काढण्याआधी

इंजिन चालू करून पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर धरा. ते खाली जाता कामा नये. दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू लावून बघायचा, एक थेंबही नको. मग सोसायटीच्या आवारात चालण्याच्या वेगाने चार-पाच वेळा ब्रेक मारून पाहा. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा सगळे जोड तपासा. पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगलाही, कारण ब्रेडेड लाइनची आतली नळी बाहेरून दिसत नाही. आणि हो, वॉरंटी चालू असेल तर बदल करण्याआधी डीलरला आणि इन्शुरन्सवाल्यांना विचारून घ्या.

दिवाळीत आम्ही पुन्हा त्याच घाटाने उतरलो, या वेळी दुसऱ्या गिअरमध्ये. वाईत चहाला थांबलो तेव्हाही पेडल सकाळी होतं तसंच होतं. त्यातलं श्रेय कुणाचं विचाराल, तर आधी नव्या फ्लुइडचं, मग गिअरचं आणि मग ब्रेडेड लाइनचं. तुम्ही खर्च करायला बसाल तेव्हाही हाच क्रम ठेवा.