विजेचा इशारा आणि मजुरीचा हिशेब

दरवर्षी एप्रिलच्या उत्तरार्धापासून मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत, आणि पुन्हा परतीच्या पावसात, वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एक छोटी बातमी नेमाने येत असते : ‘वीज पडून दोघांचा मृत्यू, एक जखमी.’ तालुका बदलतो, नावे बदलतात. उरलेला तपशील बहुधा तोच असतो. वेळ दुपार ते तिन्हीसांजेच्या दरम्यानची, स्थळ शेत किंवा बांधावरचे झाड, आणि मृत व्यक्ती शेतमजूर, अल्पभूधारक शेतकरी किंवा गुरे राखणारा मुलगा. बातमी चार ओळींत संपते. महापुराला किंवा चक्रीवादळाला लाभते तसे छायाचित्र तिला लाभत नाही, की मंत्र्यांचा पाहणी दौरा लाभत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे मात्र थबकून विचार करावा असे आहेत. २०२१ साली देशात विजेने २,८८० माणसे दगावली. २०२२ साली २,८८७. त्या वर्षी नैसर्गिक आपत्तींत नोंदल्या गेलेल्या एकूण मृत्यूंपैकी एक-तृतीयांशाहून अधिक मृत्यू एकट्या विजेच्या वाट्याला गेले. एकेक-दोनदोन माणसे करून हा आकडा भरतो, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही, इतकेच.

खेड्यापाड्यांत या मृत्यूला दैव म्हणतात. पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत तर महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शासनदरबारी त्याच घटनेला ‘नैसर्गिक आपत्ती’ असे नाव आहे. शब्द निराळे असले तरी दोहोंचा अर्थ एकच : यात माणसाचा इलाज नाही. हा अर्थ कितपत खरा आहे, हे तपासण्यासाठी आधी विजेची रीत थोडक्यात समजून घेतली पाहिजे.

वीज मारते कशी?

उन्हाळ्याच्या अखेरीस जमीन तापलेली असते. समुद्रावरून आलेली दमट हवा तिच्यावरून वेगाने वर चढते आणि दुपारनंतर दहा-बारा किलोमीटर, किंबहुना त्याहूनही उंच असे ढग उभे राहतात. त्यांच्या पोटात बर्फाचे हलके स्फटिक आणि गारांचे जड कण एकमेकांवर आदळून विद्युतभार विभागला जातो. हा ताण हवेला सोसवेनासा झाला की वीज कडाडते. तिच्या वाटेतील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते आणि स्फोटासारखी फाकते. तोच गडगडाट.

वीज थेट अंगावर पडून मरणाऱ्यांचे प्रमाण अल्प असते. झाडावर पडलेली वीज खोडाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराकडे झेपावते. किंवा जमिनीत उतरून सभोवार पसरते, एका पायाने शरीरात शिरते आणि दुसऱ्या पायाने बाहेर पडते. गुरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर अधिक असल्यामुळे एकाच विजेत अनेक जनावरे दगावतात. पायाळू असण्या-नसण्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. आपण त्या वेळी कोठे आणि कसे उभे आहोत, यावर पुष्कळसे अवलंबून आहे.

म्हणूनच संरक्षणाचे नियमही साधे आहेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे आणि पुढची आपल्या शिवारात पडू शकते, असे समजावे. तत्क्षणी पक्के घर गाठावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. घरात असतानाही नळ आणि तारेने जोडलेली उपकरणे यांपासून दूर राहावे. पत्र्याच्या टपाची, काचा लावलेली मोटारही चालते. दुचाकी किंवा उघडा ट्रॅक्टर चालत नाही. एकटे झाड, चार खांबांवरचे पत्र्याचे छप्पर, विजेचा खांब, तारेचे कुंपण, विहीर आणि शेततळे ही टाळण्याची ठिकाणे होत. उघड्यावर सापडल्यास सखल जागी, एकमेकांत अंतर राखून, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. मात्र हा निरुपायाचा उपाय आहे, त्याने सुरक्षिततेची हमी मिळत नाही. विजेचा आघात झालेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्यामुळे त्याला स्पर्श करण्यास भय नाही. श्वास आणि नाडी थांबली असेल तर विनाविलंब छातीवर दाब आणि कृत्रिम श्वास द्यावा. अशा उपायाने माणसे वाचतात. त्याला शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्याची काही भागांतील रीत मोलाची मिनिटे वाया घालवते.

इशारा पोहोचतो, पुढे काय?

हे सारे ज्ञान आता नवे राहिलेले नाही. इशारा देण्याची व्यवस्थाही गेल्या काही वर्षांत पुष्कळ सुधारली आहे. हवामान विभाग पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत जिल्हावार इशारे देतो. पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज वर्तवतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजा टिपणाऱ्या संवेदकांचे जाळे उभारून ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप काढले आहे. सभोवतालच्या वीस ते चाळीस किलोमीटरांत वीज पडण्याचा संभव ते थोडा वेळ आधी सांगते. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने ‘मिशन मौसम’साठी २,००० कोटी रुपये मंजूर केले. हा खर्च योग्यच आहे. तथापि इशारा अधिक अचूक झाला म्हणजे माणसे आपोआप वाचतील, हे गृहीतक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहजासहजी मान्य होणारे नाही.

मराठवाड्यातील किंवा विदर्भातील ऑक्टोबर महिना डोळ्यांसमोर आणावा. सोयाबीन काढणीला आलेले असते. काढणी बहुधा उक्ती दिलेली असते. जितकी एकरे उरकतील तितके पैसे. ग्रामीण महाविद्यालयांतील आमचे वर्ग या दिवसांत ओस पडतात, कारण विद्यार्थीही विळा घेऊन शेतात असतात. दुपारी पश्चिमेला आभाळ भरून येते. ज्या ढगातून वीज पडणार आहे त्याच ढगातून पाऊसही पडणार आहे, आणि कापून ठेवलेले पीक भिजले तर हंगाम हातचा जाणार आहे. म्हणजे धोका वाढत जातो त्याच घटकेला काम सोडण्याची किंमतही वाढत जाते. मालकाला ताडपत्री टाकून गंजी झाकायची असते, मजुराला पट्टा पुरा करायचा असतो. मोबाइलवर इशारा आला तरी तो पाळायचा की नाही, हा निर्णय मजूर स्त्रीच्या हाती क्वचितच असतो. तो मुकादमाच्या किंवा मालकाच्या हाती असतो, आणि बराचसा निकडीच्या हाती. शिवाय गाव दोन-तीन किलोमीटरांवर आणि जवळचा आडोसा म्हणजे बांधावरचे कडुनिंबाचे झाड. इशारा फुकट मिळतो. तो पाळणे फुकट नाही.

त्या पाळण्याला किती खर्च येतो? समजा, मजुरी दिवसाला ४०० रुपये आणि काम आठ तासांचे आहे. विजेसाठी दीड तास काम थांबले तर माणशी ७५ रुपये बुडतात. हंगामात असे वीस प्रसंग आले तर १,५०० रुपये. पगारदार माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. हातावर पोट असणाऱ्या घरात तो महिन्याचा किराणा असतो. आता दुसरी बाजू पाहावी. वीज पडून मृत्यू झाल्यास राज्य शासन वारसांना चार लाख रुपयांचे साहाय्य देते. ते द्यायलाच हवे. परंतु माणूस मेल्यावर चार लाख देणारी व्यवस्था तो जिवंत असताना त्याच्या दीड तासाचे ७५ रुपये कोणी सोसावेत, याचा विचार करीत नाही, ही गोष्ट चमत्कारिक आहे. एका मृत्यूच्या साहाय्यात असे पाच हजारांहून अधिक दीड-दीड तास विकत घेता येतील.

यावर आक्षेप येईल की बहुतेक इशाऱ्यांच्या वेळी त्या विशिष्ट शेतात वीज पडतच नाही; मग प्रत्येक वेळी काम का थांबवावे? आक्षेप निराधार नाही. चाळीस किलोमीटरांच्या परिसराला दिलेला इशारा बहुतांश शेतांपुरता फोल ठरणारच. पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. फोल इशाऱ्याचा खर्च आज सर्वस्वी मजुरावर पडतो, म्हणून चार-सहा अनुभवांनंतर तो इशारा मानणे सोडून देतो. हा खर्च वाटून घेतला गेला तरच इशाऱ्यावरचा विश्वास टिकेल.

दाखले आपल्याजवळच आहेत

ओडिशाचे उदाहरण बोलके आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ हे तसेच प्रबळ वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा मृतांची संख्या काही दशकांत राहिली. मधल्या काळात अंदाज सुधारले, हे खरेच. पण त्याचबरोबर किनाऱ्यालगत पक्के निवारे बांधले गेले, तेथे शिजवलेल्या अन्नाची सोय झाली, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले. घर सोडण्याचा खर्च शासनाने आणि समाजाने उचलला, म्हणून जवळजवळ दहा लाख माणसे वेळेवर हलू शकली.

महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. १९७२ च्या दुष्काळात पाऊस गेला की पहिला घाला मजुरीवर पडतो, हे या राज्याने ओळखले, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पावसाच्या अभावाने बुडालेली मजुरी ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व ज्या राज्याने प्रथम मान्य केले, त्याने पावसाच्या तडाख्याने बुडणाऱ्या तासाला तेच तत्त्व का लावू नये? ‘सेवा’ या स्त्री-कामगारांच्या संघटनेने उष्णतेच्या बाबतीत वाट दाखवली आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातील तिच्या सभासद स्त्रियांना तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच, नुकसानीचे पंचनामे न करता, विमा आणि रोख साहाय्याच्या रूपाने पैसे मिळाले. वीज कोठे आणि केव्हा पडली, याची नोंद आता यंत्रे करतातच. त्या नोंदीवर आधारलेला मजुरीचा विमा अशक्य नाही; त्याच्या हप्त्यात शासन, बाजार समित्या आणि मोठे बागायतदार यांनी वाटा उचलावा.

त्याच्या जोडीला दोन गोष्टी ताबडतोब करता येतील. शिवारातील शाळा, मंदिर, समाजमंदिर अशा पक्क्या इमारतींवर वीजरोधक बसवून त्या दुपारी उघड्या ठेवाव्यात आणि गावापासून दूरच्या शिवारात छोटे पक्के निवारे बांधावेत. तसेच इशारा आल्यावर भोंगा वाजवून काम थांबवण्याचा ठराव ग्रामसभेने करावा आणि थांबलेला वेळ मजुरीतून कापू नये, असे त्यात स्पष्ट लिहावे. गावाने मिळून घेतलेला निर्णय एकट्या मजुराला मालकासमोर मागावा लागत नाही, हा त्याचा मोठा लाभ.

वीज कोठे पडावी हे आपल्या हाती नाही. ती पडेल त्या वेळी झाडाखाली कोण उभे असेल, हे मात्र बव्हंशी मजुरीचे दर, कामाच्या अटी आणि निवाऱ्याचे अंतर यांवरून ठरत असते. या तिन्ही गोष्टी माणसांनी ठरवलेल्या आहेत, आणि माणसांना त्या बदलताही येतील.