रिकाम्या खोलीची जाहिरात

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यांत रोहणा हें गांव आहे. तेथें असें एखादें घर सहज सांपडेल कीं, ज्यांतील मुलगा नोकरीसाठीं पुण्यास गेला, मुलगी सासरीं गेली, आणि मागील खोली गव्हाच्या कोठीच्या व जुन्या गाद्यांच्या स्वाधीन झाली. पेन्शनींत घर चालतें. पण औषधांचा खर्च वाढलेला असतो, आणि रात्रीं घरांत तिसरें माणूस असावें असेंहि दोघां वृद्धांस वाटूं लागतें. पूर्वीं शाळेंत किंवा बँकेंत बदलून आलेल्या मनुष्यास अशी खोली तोंडओळखीनें मिळे. आतां तो बदलीचा हुकूम हातीं पडतांच मोबाईलवर खोल्या पाहूं लागतो. घरमालक त्याला दिसत नाहीं. दिसते ती केवळ जाहिरात.

बहुतेक जाहिराती घरमालकाच्या अभिमानाच्या गोष्टींनीं भरलेल्या असतात. ‘प्रशस्त, हवेशीर, सर्व सोयींनीं युक्त’ हे शब्द इतके झिजले आहेत कीं, वाचणाराची नजर त्यांवर ठरत नाहीं. परका मनुष्य विचारतो तें निराळेंच. खोलीस बाहेरून दार आहे, कीं दरवेळीं बैठकींतून जावें लागेल? न्हाणीघर कोणाकोणाचें? नळ केव्हां येतो? मे महिन्यांत विदर्भाचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां कूलरची वीज कोणाच्या खर्चानें? पुलगांव हें मुंबई-हावडा मार्गावरील स्टेशन. तेथें संध्याकाळीं उतरल्यास पुढें कसें यावें? पुलगांव ते आर्वी ही अरुंद रुळांची आगगाडी एकेकाळीं रोहण्यावरून जात असे, ती बंद पडली. तेव्हां शेवटची एस. टी. किती वाजतां आहे, हें एक वाक्य ‘शांत परिसर’ या दोन शब्दांपेक्षां अधिक उपयोगी पडतें.

छायाचित्रांची गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. २००७ सालीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें दोघां तरुणांस घरभाडें जड झालें. शहरांत एक परिषद भरली होती व हॉटेलें भरून गेलीं होतीं. त्यांनीं आपल्या बिऱ्हाडांत हवा भरलेल्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले. त्यांतूनच पुढें एअरबीएनबी ही जगप्रसिद्ध कंपनी निघाली. परंतु २००९ सालीं न्यूयॉर्कमध्यें तिचा धंदा रखडला होता. चालकांच्या ध्यानीं आलें कीं, लोकांनीं घाईनें काढलेलीं अंधुक चित्रें पाहून कोणी खोली घेण्यास धजत नाहीं. ते स्वतः कॅमेरा घेऊन दारोदार गेले, नवीं चित्रें काढलीं, आणि मिळकत वाढली. रोहण्यास एवढा खटाटोप नको. गव्हाची कोठी हलवावी, खिडकी उघडावी, सकाळच्या उजेडांत कोपऱ्यांत उभें राहून चित्र घ्यावें. संडासाचेंहि एक चित्र द्यावें. लोक तें देण्यास लाजतात, आणि पाहणारा नेमकें तेंच शोधत असतो. भिंतीस ओल असेल तर ती लपवूं नये. पहिल्या पावसांत भाडेकरूस ती दिसणारच.

आतां एक अप्रिय गोष्ट. पुष्कळ जाहिरातींच्या शेवटीं ‘अमुकच समाजास प्राधान्य’ अशी ओळ असते, किंवा फोनवर पहिला प्रश्न आडनांवाचा येतो. वर्ध्याचें लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनीं १९२८ सालीं अस्पृश्य मानलेल्यांस खुलें केलें. देवाचें दार उघडून इतकीं वर्षें झालेल्या या जिल्ह्यांत भाड्याच्या खोलीचें दार आडनांव पाहून उघडावें, ही लाजिरवाणी गोष्ट होय. घरांत मांसाहार चालत नसेल, रात्रीं दहा वाजतां फाटक लागत असेल, तर तसें सरळ लिहावें. तो घराचा रिवाज झाला. जात हा घराचा रिवाज नव्हे.

वृद्धांनीं एका फसवणुकीपासून सावध राहावें. जाहिरात लागतांच फोन येतो. बोलणारा आपण सैन्यांत अधिकारी असल्याचें सांगतो. पुलगांवास लष्कराचें दारूगोळा भांडार असल्यामुळें या बाजूस तें खरेंहि वाटतें. खोली न पाहतांच तो आगाऊ रक्कम पाठवूं लागतो, आणि ती मिळण्यासाठीं मोबाईलवर चौकोनी चित्र टिपून गुप्त आंकडा दाबावयास सांगतो. पैसे घेण्यासाठीं गुप्त आंकडा कधींच लागत नाहीं. तो लागतो देण्यासाठीं. तसेंच करार लेखी असावा. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम जेथें लागू आहे, तेथें कराराची नोंदणी घरमालकानें करावयाची असते. लेखी करार नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात.

असल्या खोलीची जाहिरात पुढीलप्रमाणें लिहितां येईल: “रोहणा, ता. आर्वी. अंगणांतून स्वतंत्र दार असलेली एक खोली, १० फूट रुंद, १२ फूट लांब. पलंग, टेबल, पंखा, कूलर. न्हाणीघर व संडास अंगणांत, फक्त भाडेकरूसाठीं. नळ एक दिवसाआड. टाकी भरलेली असते. पश्चिमेची भिंत दुपारीं तापते. वीज मीटरप्रमाणें निराळी. घरांत दोघें वृद्ध राहतात. सकाळचा चहा मिळेल. येऊन पाहावें.” खोली दिली गेली कीं त्याच दिवशीं ही जाहिरात काढून टाकावी, नाहीं तर पुढें महिनाभर फोन वाजत राहतो.