विश्लेषण : वीज नसलेल्या परसात उजेड कसा करायचा?

घरात ट्यूबलाइट, ओटीवर दिवा; पण मागचे दार उघडले की काळोख. गावाकडच्या घरांत विहीर, गोठा, संडास, लाकडांची खोप बहुधा याच बाजूला असते. रात्री तिथे जावेच लागते आणि मण्यार, घोणस यांसारखे विषारी साप रात्रीच अधिक फिरतात. अशा ठिकाणी सौर दिवा हा सोपा उपाय. मात्र ‘चार महिन्यांत बंद पडला’ ही तक्रारही नेहमीची. असे का होते आणि खरेदी करताना काय पाहावे?

घरातूनच वायर ओढली तर?

अनेक जण तेच करतात. झाडाला, कपड्यांच्या तारेला गुंडाळलेली साधी वायर आणि टोकाला होल्डर. पण उन्हाने वायरचे आवरण तडकते, पाऊस पडला की 230 व्होल्टचा प्रवाह ओल्या तारेत किंवा पत्र्यात उतरू शकतो. वीज न्यायचीच असेल, तर पाइपमधून योग्य केबल, अर्थिंग आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवा. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. अंतर जास्त असेल तर हा खर्च सौर दिव्याहून अधिक होतो.

खोक्यावरचे ‘100 वॅट’ खरे असतात का?

साधा हिशेब करा. कडक उन्हात एक चौरस मीटरच्या चांगल्या पॅनेलमधून सुमारे 200 वॅट मिळतात. तळहाताएवढ्या, म्हणजे 10 बाय 15 सेंटीमीटरच्या पॅनेलमधून जेमतेम तीन वॅट. त्यावर 100 वॅटचा दिवा रात्रभर चालणे शक्य नाही. म्हणून खोक्यावरचा आकडा सोडा. पॅनेलचा आकार आणि बॅटरीची क्षमता बघा. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास केले की वॅट-तास मिळतात. 3.7 व्होल्ट, 2 ॲम्पिअर-तासाची बॅटरी म्हणजे साडेसात वॅट-तासही नाहीत. पाच वॅटचा दिवा त्यावर दीड तासात विझेल.

मग किती क्षमता लागेल?

पायवाट आणि गोठ्याच्या दारासाठी पाच वॅटचा एलईडी पुरतो. त्याचा उजेड जुन्या 40 वॅटच्या पिवळ्या बल्बइतका असतो. संध्याकाळी सात ते अकरा पूर्ण उजेडाचे 20 वॅट-तास आणि पुढे पहाटे सहापर्यंत एक वॅटच्या मंद उजेडाचे सात. म्हणजे एका रात्रीला 27 वॅट-तास. ढगाळ दिवस धरून तीन रात्रींची शिल्लक ठेवायची तर 80 वॅट-तास हवेत. 12.8 व्होल्ट, 7 ॲम्पिअर-तासाची बॅटरी एवढे देते. सोबत 20 वॅटचे पॅनेल असावे. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्यावी. ती साधारण 2000 वेळा चार्ज होते, म्हणजे पाच वर्षे सहज टिकते.

पॅनेल कुठे लावायचे?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. दिवा अंधारात हवा, पॅनेल उन्हात. दोन्ही एकाच डबीत असलेला दिवा फणसाखाली लावला तर तो चार्जच होत नाही. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज बरीच घटते. त्यामुळे वेगळे पॅनेल असलेला दिवा घ्या. पॅनेल छपरावर, तोंड दक्षिणेकडे आणि सुमारे 20 अंश कलते ठेवा. दिव्यापर्यंत 15 मीटर अंतर असेल तर 12 व्होल्टसाठी दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरते. भाग सुटे घेऊन जोडणार असाल, तर चार्ज कंट्रोलर आणि बॅटरीजवळ फ्यूज विसरू नका.

पावसाळ्यात काय?

उघड्यावरच्या दिव्यावर किमान ‘आयपी 65’ ही खूण असावी. म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत जात नाहीत. पावसाची झड लागली की पूर्ण उजेडाचे तास कमी करा. उघडीप मिळाली की पॅनेलवरची शेवाळ, पाने आणि पक्ष्यांची घाण ओल्या फडक्याने पुसा.

सेन्सरचा दिवा घ्यावा का?

जरूर. माणूस जवळ आला की उजेड वाढतो, एरवी बॅटरी वाचते. रंग मात्र पिवळसर निवडा. पांढऱ्या झगझगीत दिव्यावर किडे अधिक येतात, किड्यांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हा सेन्सर शरीराची उष्णता ओळखतो. सापाचे अंग भोवतालच्या हवेइतकेच गार असल्याने साप आला म्हणून दिवा लागेल, या भरवशावर राहू नये. लाकडांची खोप दिव्याच्या टप्प्यात असली, तरी हात घालण्याआधी टॉर्च मारावाच. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालवता 108 क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठावे.